ट ठ ड ढ ण

“टक टक की ठक ठक?” भाईंनी फोनवर विचारलं.

मी धोपाव्याच्या जेटीवर उभा होतो. दाभोळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून नुकताच उतरलो होतो. बोटीत चढलं की सगळे गाड्या बंद करतात, मग पलीकडचा धक्का लागेपर्यंत बोटीच्या इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येते. धक्का लागला, मी सेल मारला आणि बॉनेटखालून एक नवाच आवाज आला. दाभोळला तो नव्हता. असेलही, पण तेव्हा माझे कान सकाळपासूनच्या खडखडाटाने भरलेले होते. खाडीवर थोडा वेळ मोकळे राहिले म्हणून त्यांना तो दिसला, असंच म्हणायला हवं. रॅम्प चढून जीप कडेला घेतली आणि भाईंना फोन लावला.

“तसा टक टकच,” मी म्हणालो.

“तसा-बिसा नको सर. नीट ऐका नि सांगा.”

मी फोनच इंजिनाकडे धरला. तिकडून भाई ओरडले. फोनात जाड आवाज गळून जातो आणि सगळंच पत्र्यासारखं वाजतं, तेव्हा फोन कानाला लावा आणि तुमच्या तोंडाने आवाज करून दाखवा.

पस्तीस वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवलं. अल्पप्राण आणि महाप्राण यांतला फरक कळावा म्हणून मुलांना ओठांपुढे कागदाचा कपटा धरायला लावत असे. ‘क’ म्हटलं तर कपटा जागचा हलत नाही, ‘ख’ म्हटलं की थरथरतो. निवृत्तीनंतर याच धड्यावर कोणी माझी तोंडी परीक्षा घेईल, तीही जेटीवर, पापलेटाच्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका टक लावून बघत असताना, हे काही मनात आलं नव्हतं.

“ठक ठक,” मी म्हणालो. “ठक ठक ठक ठक.”

एक बाई हसली. भाई मात्र गप्प झाले. मग म्हणाले, “ऑइलची लाइट?”

“नाही.”

“रेस द्या.”

दिली. आवाज गेला. सोडली, इंजिन स्लोवर आलं, आवाज परत हजर.

“मी पनवेलला आहे, लेकीकडे. तीन दिवसांनी येतो. तोवर हळू चालवा. घाबरू नका. पण विसरूही नका.”

जीप १९९६ची, डिझेलची. मी २००३ साली घेतली ती सेकंडहँड. आधीचा मालक खेड स्टेशनावरून दापोलीला माणसं भरून फेऱ्या मारायचा. त्यामुळे ती माझ्याकडे आली तेव्हाच तिचं तारुण्य संपलेलं होतं. पुढची वीस-बावीस वर्षं तिने माझ्या आंब्याच्या पेट्या वाहिल्या, वाडीतल्या बाळंतिणी नेल्या, गणपतीत चाकरमान्यांच्या बॅगा आणल्या. खाऱ्या वाऱ्याने तिचा खालचा पत्रा दोनदा खाल्ला आणि मी तो दोनदा बदलला. या काळात तिने काढले नाहीत असे आवाज थोडेच असतील. ते ओळखायला मला भाईंनी शिकवलं. त्यांची शाळा अशी की आवाजाचं नाव चुकलं तर पुढचा धडा नाही.

भाई हर्णैचे. मूळचे बोटींच्या इंजिनांचे फिटर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा त्यांना जेवायला वेळ नसतो. एकदा नारळी पौर्णिमा होऊन बोटी पाण्यात गेल्या की जमिनीवरच्या गाड्यांचा नंबर लागतो. त्यांच्या लेखी जीप म्हणजे चुकून चाकं लागलेली होडी.

आवाजांना मराठीत शब्द आहेत हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याचं काही वाटत नाही. पण एखाद्या गॅरेजात तासभर बसून पाहा. खडखड, खळखळ, किणकिण, करकर, कुरकुर, घरघर, घूं, चीं, फटफट, धपधप. गाडी घेऊन येणारा माणूस यातला जो शब्द उच्चारतो, त्यातच अर्धं निदान झालेलं असतं. बरेच दिवस हे ऐकल्यावर एकदा माझ्या लक्षात आलं की इंजिनाचे मुख्य विकार एका ओळीत बसतात, आणि ती ओळ पहिलीच्या पाटीवरची आहे. ट ठ ड ढ ण. मी हे भाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पाना खाली ठेवून पाचही अक्षरं मोठ्याने म्हणून पाहिली आणि म्हणाले, “ड इंजिनात नाही. ड बॉडीत.” दुरुस्ती मान्य केली.

‘ट’ हा इंजिनाच्या डोक्यातला वर्ण. व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची हवा-धुराची झाकणं, आणि ती उघडणारे टॅपेट, रॉकर ही मंडळी तिथे राहतात. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते, साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, कारण तापल्यावर लोखंड वाढतं आणि त्याला जागा लागते. त्या फटीचा जो आवाज, ती टिकटिक. शिवणयंत्र चालावं तशी. फट वाढली की टिकटिकीची टकटक होते. मग कव्हर काढून, पोलादी पातळ पट्ट्यांचं गेज घालून एकेक टॅपेट सेट करायचा. हे काम मी स्वतः करतो, आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. सुरुवातीला त्या गर्वापायी एकदा सगळे टॅपेट इतके आवळले की इंजिन मुकं झालं. मी खूश. भाईंनी ऐकलं मात्र, त्यांचा चेहरा पडला. फटच उरली नाही तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. पेटलेला वायू त्या चिरेतून निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. टिकटिक ऐकू येते आहे तोवर डोक्याला श्वास आहे, असं भाई म्हणतात. मुक्या इंजिनाची त्यांना फार भीती.

‘ठ’ खालचा. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा मुख्य दांडा. त्याला धरून बसलेल्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या तोंडात बेअरिंगच्या दोन वाट्या असतात. त्याला सगळे बिगेन म्हणतात. वाटी आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा केसाहून बारीक थर असतो, सगळं ओझं त्या थरावर. वाटी झिजली, फट वाढली की प्रत्येक फेऱ्याला लोखंडावर लोखंड आपटतं. ठक. हा आवाज गरम इंजिनात वाढतो, कारण ऑइल पातळ होतं. आणि रेस देऊन एकदम सोडली की त्या सोडण्याच्या क्षणी जास्त उघडा पडतो.

‘ट’ आणि ‘ठ’ यांच्यात घोटाळा झाला तर लयीवर जायचं. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक. म्हणजे स्लोवर इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एकेक व्हॉल्व्ह ४०० वेळाच उघडतो. एवढं मोजणं कानाच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण आमच्या वाडीतल्या भजनात पखवाजवाला ठायीतून दुगुनीत गेला की झांज वाजवणाऱ्या पोरालाही कळतं, तसं हे कळतं. टिकटिक ठायीत असते, ठकठक दुगुनीत.

‘ठ’चा एक गरीब भाऊ आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात झिजून जागा झाली की पिस्टन वरखाली जाताना कलतो आणि भिंतीला थापड मारतो. सकाळी थंडीत हा आवाज छाती भरून येतो. पाच-दहा मिनिटांनी पिस्टन तापून फुगतो, जागा भरून निघते आणि आवाज बसतो. घरातल्या म्हाताऱ्याच्या पहाटेच्या खोकल्यासारखा. आमच्या जीपला हा गेली आठ वर्षं आहे आणि आम्ही दोघं-तिघं त्याच्यासकट आनंदात आहोत.

‘ढ’ मी आयुष्यात एकदाच ऐकला, तोही जीपमध्ये नाही, एका ट्रॉलरवर. मेन बेअरिंग, म्हणजे ज्या बेअरिंगांवर आख्खा क्रँक टेकलेला असतो तीच गेली होती. तो आवाज कानापेक्षा तळपायांना आधी कळला. वर्गात ‘ढ’ म्हणजे मागच्या बाकावरचा. इंजिनात तो सगळ्यात खाली बसलेला असतो आणि तो बोलला की समजावं, इंजिन बांधायला काढायचं.

‘ण’बद्दल मी आणि भाई अजून वाद घालतो. माझं म्हणणं, डिझेलचा जो मूळ स्वर आहे, खणखण, तो ‘ण’चा. पेट्रोलसारखी इथे ठिणगी नसते. हवा दाबून दाबून विसाव्या हिश्श्यात आणायची की ती पाचशे अंशांच्या वर तापते, मग त्यात डिझेलचा फवारा मारायचा. फवारा पडल्या पडल्या पेटत नाही, जरा वेळ घेतो. अगदी पापणी लवायच्याही आतला तो वेळ, पण तेवढ्यात जे डिझेल साठतं ते एकदम भडकतं. खण. थंड इंजिनात हा वेळ लांबतो म्हणून पहाटे खणखण जास्त. नोझल गळकं असलं किंवा पंपाचं टायमिंग पुढे सरकलं, तरी जास्त. रुडॉल्फ डीझेलने या इंजिनाच्या पेटंटसाठी १८९२ साली अर्ज केला आणि १९१३ साली बोटीने इंग्लंडला जाताना तो रात्रीतून नाहीसा झाला. आमचं अख्खं बंदर ज्याच्या इंजिनावर चालतं तो समुद्रातच गेला, हे मी भाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की बोटीचं इंजिन कुठलं होतं? वाफेचं, मी म्हणालो. त्यावर ते जे म्हणाले ते इथे लिहिता येत नाही.

राहिला ‘ड’. खडखड, दडदड. याने माणसाचे पैसे फार जातात, कारण बॉडीचा आवाज इंजिनाचा वाटतो. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश खडखडतात, सायलेन्सरची पट्टी सुटलेली असते, मडगार्डाचा एक बोल्ट कधीच पडून गेलेला असतो. एका दिवाळीत डाव्या वळणाला ‘गडगड’ आणि उजव्या वळणाला पुन्हा ‘गडगड’ असा आवाज यायला लागला. सरळ रस्त्यावर काही नाही. मी स्टिअरिंगपासून एक्सलपर्यंत सगळं तपासलं. चौथ्या दिवशी भाई शेजारच्या सीटवर बसले, डोळे मिटून घेतले आणि मला केळशी फाट्यापर्यंत नेऊन परत आणायला लावलं. मग काचेखालची जाळी काढली आणि आतून एक सुकलेली सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. गाडी पोफळीखाली लावत होतो. सुपारी जाळीच्या फटीतून आत पडून प्रत्येक वळणाला या टोकाहून त्या टोकाला जात होती. बिल म्हणून त्यांनी ती अडकित्त्याने फोडून खाल्ली.

टवर्गाबाहेरचे आवाजही आहेतच. पावसाळी सकाळी हेडलाइट लावले की ‘चीं’ करतो तो फॅन बेल्ट. अंगठ्याने दाबून बघायचा, अर्ध्या इंचाहून फार जास्त दबला तर ताणायचा. ‘फट फट’ असा टॅपेटचं सोंग घेऊन येतो तो एक्झॉस्टच्या पॅकिंगमधून फुटलेला धूर. तो ओळखायला कानही नको, पॅकिंगच्या कडेला काजळी दिसते. क्लच दाबला की येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा. क्लच दाबला की जाणारा आवाज गिअरबॉक्सचा. गाडी ओढ घेताना एकदा ‘टण’ झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. असं बरंच.

पण ‘घूं’बद्दल सांगायलाच हवं, कारण तो मी ऐकला होता.

२००९चा डिसेंबर. कराडहून लग्न आटोपून परत येत होतो. पाटण गेलं आणि बॉनेटखालून बारीक घूं यायला लागलं, भुंगा खांबात शिरावा तसं. रेसबरोबर वाढायचं, रेसबरोबर उतरायचं. ही म्हणाली, “काहीतरी घूं करतंय.” मी म्हणालो, “वारा आहे.” आणि टेपचा आवाज वाढवला. गाडी चालवणाऱ्या माणसाने लावलेला सगळ्यात जुना शोध हाच असावा. कुंभार्ली घाट उतरताना घूंचं कर्र झालं. पोफळी गाव यायच्या आत पुढून असा आवाज आला की जणू कोणी पत्र्याचं पिंप जिन्यावरून सोडलं. वॉटर पंपाचं बेअरिंग बसलं होतं. आमच्या जीपचा पंखा त्याच पंपाच्या शाफ्टवर. शाफ्ट कलला आणि पंख्याच्या पात्या रेडिएटरमध्ये घुसल्या. सारं पाणी रस्त्यावर. सकाळी चिपळूणहून टोइंग येईपर्यंत आम्ही दोघं एका शालीत बसून होतो. ती त्या रात्री काही बोलली नाही. पुढे मात्र घरात मिक्सर लावला, पंखा लावला, काहीही लावलं की वर्षभर म्हणायची, “वारा आहे.”

पंपाला खाली एक बारीक भोक असतं. बेअरिंगच्या आधी सील जातं आणि त्या भोकातून थेंब थेंब पाणी गळायला लागतं. म्हणजे पंप आधी रडतो, मग कण्हतो, मग मोडतो. अंगणात जीपखाली महिनाभर ओलं दिसत होतं. मला ते दवाचं वाटलं.

तर ते ‘ठक ठक’.

बहिणीकडचं काम उरकून दुसऱ्या दिवशी परत आलो. भाई पनवेलला. तीन दिवस धीर धरायचा होता, पण एप्रिल होता आणि काढणीला आलेला आंबा वाट बघत नाही. तालुक्याच्या गावी एका गॅरेजात नेली. तिथला मुलगा हुशार होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. त्याने बॉनेट उघडलं, दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाला, “काका, बिगेन गेलंय. इंजिन उतरवावं लागेल.” आकडा पन्नास-साठ हजारांचा सांगितला. वरून हेही सांगितलं की या गाडीला एवढा खर्च करण्यात अर्थ नाही, भंगारात बरी किंमत येईल.

मी घरी आलो. जीप आंब्याखाली लावली. रात्री जेवलो नाही नीट. ठ म्हणजे बिगेन, हे मीच तर मुलांना शिकवावं तसं स्वतःला शिकवून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी भाईंच्या आवारात गाडी लावली. त्यांनी आधी हात लावला नाही. बाकड्यावर बसून चहा मागवला आणि विचारायला लागले. भाई ‘कसा’ हे एकदाच विचारतात. त्यानंतर सगळे प्रश्न ‘केव्हा’चे. सकाळी पहिल्या सेलला येतो की तापल्यावर? दोन्ही वेळी. तापल्यावर वाढतो? नाही. चढावर? नाही. रेस धरून ठेवली तर? जातो. रेस सोडतानाच्या क्षणी? नाही, पार स्लोवर आल्यावर. ऑइल किती पितो? पूर्वीइतकंच.

“मग बिगेन कशाला म्हणता?” भाई म्हणाले. “बिगेन असं लाजत नाही.”

इंजिन चालू केलं. भाईंनी शर्टाच्या बाह्या कोपरावर आवळून घेतल्या, पंखा फिरत असताना ते सैल काही अंगावर ठेवत नाहीत. मग चारही नोझलांवरचे डिझेल पाइपचे नट एकामागून एक, फडकं धरून, जरासे ढिले केले. एक, तीन, चार, दोन, ज्या क्रमाने सिलिंडर पेटतात त्याच क्रमाने. ही त्यांची खोड, क्रम कुठलाही चालला असता. नट ढिला झाला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, तो पेटत नाही, त्याच्या रॉडवरचा भार उतरतो. आवाज त्या रॉडचा असेल तर तेवढ्यात तो मंदावतो किंवा बदलतो. हे जुन्या पंपाच्या इंजिनावरच करायचं, आणि तरीही तो फवारा कातडीला लागू द्यायचा नाही. नव्या कॉमन रेलच्या गाड्यांत हजार बारच्या वर दाब असतो, तिथे या नटाला कोणी चालू इंजिनावर हात लावू नये.

पहिला ढिला केला. इंजिन लंगडलं. ठक ठक तशीच. तिसरा. तशीच. चौथा, दुसरा. तशीच.

“रॉड नाही,” भाई म्हणाले. माझ्या पोटातले पन्नास हजार जागेवर आले.

मग डिसमिस. हातभर लांब, लाकडी मुठीची. टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर. १८१६ साली लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि पुढे लाकडाची नळी केली, तिथून स्टेथोस्कोप निघाला. हे मी पूर्वी एकदा सांगितलं होतं तेव्हा भाई म्हणाले होते, “म्हणजे डॉक्टर फिटरच म्हणायचा.” हेडवर टेकवली, मान हलवली. ब्लॉकच्या कडेला, मान हलवली. खाली ऑइलच्या चेंबरला, जरा थांबले, मान हलवली. पुढच्या टायमिंग कव्हरवर टेकवली आणि तिथेच राहिले.

“बंद करा.”

बेल्ट काढला. पुन्हा सेल. आवाज बदलला, ठकचा मोकाट खटखट झाला. बंद. आता ते गुडघ्यांवर बसले, क्रँकच्या पुढच्या टोकावरची पुली दोन्ही हातांनी धरली आणि डावी-उजवीकडे हिसडली. पुली हलली. चिमूटभर, पण हलली. तिने हलायचं नसतं. ती शाफ्टवर चावी घालून, म्हणजे खाच्यात लोखंडी पाचर घालून, बसवलेली असते आणि समोरून मोठा नट आवळलेला असतो. नट ढिला पडला की स्लोवर, जेव्हा इंजिनाचा फेरा झटक्याझटक्याने होतो, तेव्हा पुली चावीवर आपटते. ठक. रेस दिली की फेरा सलग होतो आणि पुली एका बाजूला दाबून बसते. म्हणून जातो.

“पुढचं ऑइल सील कधी बदललंय?”

मी म्हणालो, “झालं असेल कधीतरी.”

“कोणी बदललं?”

वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलांच्या तोंडून इतकी वर्षं जे ऐकलं, ते सगळं माझ्या जिभेवर आलं. मागच्या श्रावणात भाई बोटींच्या गडबडीत होते, सील गळत होतं, आणि शेजारच्या मुलाने व मी मिळून ते घरीच बदललं. पुलीचा नट आवळताना पान्याला जोडायला लांब पाइप नव्हता. दोघांनी मिळून जोर लावला आणि ‘झालं की’ म्हणून सोडून दिलं. लॉक वॉशरचा कान नटावर दुमडायचा असतो, तो दुमडल्याचं मला आठवत नव्हतं.

“आम्हीच,” मी म्हणालो.

भाईंनी नट काढला. लॉक वॉशर सरळ होती, तिचा कान जसा दुकानातून आला तसा.

ते काहीच बोलले नाहीत. वॉशर माझ्या हातावर ठेवली, सुपारी ठेवली होती तशी. चावी अर्धी खाल्ली होती, शाफ्टवरचा खाचा नशिबाने ठीक होता. दापोलीला लेथवाल्याकडून नवी चावी घासून आणली, पुली बसवली, पान्याला चार फुटी पाइप लावून नट आवळला आणि वॉशरचा कान भाईंनी मलाच ठोकायला लावला. दुपारच्या जेवणाच्या आत गाडी मोकळी. संध्याकाळी तिच्यातून अठ्ठावीस पेट्या गेल्या.

त्या मुलाने चूक ऐकलं नव्हतं, हे मला नंतर पुनःपुन्हा वाटलं. त्याने ‘ठ’ ऐकला आणि तो ‘ठ’च होता. माझी बाराखडीही त्याला तिथवरच नेऊन सोडत होती.

एक गोष्ट मला त्या दिवशीच कळली, इतक्या वर्षांत कळली नव्हती. पुली बसवून झाल्यावर मी म्हणालो, बेल्ट थोडा चीं करतोय, ताणूया का. भाईंनी विचारलं, “करतोय?” आवाज चांगला कान टोचत होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ऐकू येत नव्हता. चाळीस वर्षं बोटींच्या इंजिनखोलीत, कानात बोटभर कापूसही न घालता. सतत गोंगाटात राहिलेल्या माणसाचे आधी वरचे, बारीक सूर जातात, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. चीं गेला, शिंजीर पक्षी गेला, नातवाची शिटी गेली. ठ आणि ढ शाबूत आहेत. फोनवर माझ्याकडून आवाज का काढून घेतात, जवळ असलो तरी “तुम्ही सांगा” का म्हणतात, हे सगळं मी आजवर त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीत जमा केलं होतं. 

मी काही बोललो नाही. बेल्ट ताणला.

जूनमध्ये ऑइल बदलायला गेलो तेव्हा बोटी वर ओढलेल्या होत्या, झापांनी शाकारलेल्या. रिपरिप चालू होती. भाई एका बोटीच्या पोटातून काळे हात घेऊन बाहेर आले, जीपचं बॉनेट उघडलं, डिसमिस हाडाला लावून टायमिंग कव्हर ऐकलं, चेंबर ऐकलं, आणि समाधानाने मान हलवली.

“खाली साफ आहे,” म्हणाले. “सर, वर काही आहे काय?”

मी पावसाच्या आवाजातून कान दिला.

“टिकटिक आहे थोडी.”

“असू दे,” भाई म्हणाले, आणि बॉनेट आपटलं. ते एका आपटण्यात लागत नाही. दुसऱ्यांदा मी आपटलं.